नाकेदारांची मुलूखगिरी

उतार लागला की सायकलीवरून खाली उतरणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. चढावर आपण सगळेच उतरतो, त्यात लाज नाही. पण समोर मोकळा रस्ता, पाठीमागून वारा, पायडल मारायचीसुद्धा गरज नाही, आणि नेमक्या त्या वेळी दत्तोपंत नाकेदार ब्रेक दाबत, खाली उतरत, धोतराचा सोगा सारखा करत आणि गाय दावणीला न्यावी तशी सायकल हातात धरून चालू लागत.

"उताराला सायकल मालक असते, मास्तर," ते मला सांगत. "मालक एकच पाहिजे."

चढावर दम लागतो म्हणून उतरायचं, उतारावर मालकी जाते म्हणून उतरायचं. तेव्हा दत्तोपंत सायकलीवर बसत ते फक्त सपाटीला. माळव्यात सपाटी पुष्कळ आहे म्हणून निभावलं. हा गृहस्थ कोकणात जन्मला असता तर त्याने सायकल नुसती फिरायला नेली असती.

दत्तोपंत देवासला आमचे शेजारी. मधे एकच भिंत आणि तीही मातीची, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे यायच्या. संस्थान होतं तोवर ते जकातीच्या नाक्यावर नोकरीला होते. पुढे संस्थानं विलीन झाली, नाका उठला, दत्तोपंतांना पेन्शन बसली. पण 'नाकेदार' हे नाव काही उठलं नाही. मी शाळेत शिकवत असे, म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तर'. फार लाडात आले किंवा फार चिडले की 'भिया', म्हणजे भाऊ.

ज्यांनी देवास पाहिलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमचं गाव एक आणि संस्थानं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघा भावांचे वंश. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. सकाळी दुधाला निघालेला माणूस परराज्यात जाऊन परत यायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. दत्तोपंतांना मात्र वाटायचं. कोणती वस्तू कुणाच्या हद्दीत, हे ठरवण्यात त्यांची हयात गेलेली. रस्त्याच्या कडेला एक मिठाईवाला होता. त्याचं दुकान थोरल्या पातीत आणि गिऱ्हाइकांना बसायचं बाकडं धाकट्या पातीत. दत्तोपंत पेढा हातात धरून विचारात पडत. "पेढा त्यांचा, मास्तर. पण खाताना जो चुरा सांडतो तो आपला." आणि तो चुरा ते बोटाने टिपून खात, राज्याचं नुकसान नको म्हणून.

पुढे दोन्ही पात्या गेल्या तरी दत्तोपंतांच्या डोक्यातली वाटणी कायम राहिली. जगातली प्रत्येक गोष्ट ते कुठल्या ना कुठल्या पातीत घालत. मान, थाट, वजन असेल ते थोरल्या पातीत. गुण असून गाजावाजा नसेल ते धाकट्या पातीत. पुरणपोळी थोरली, खरवस धाकटा. सकाळचा चहा थोरला, दुपारचा धाकटा. त्यांचा डावा गुडघा दुखायचा, तो धाकट्या पातीतला. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "थोरली पाती. पण आतून खजिना रिकामा." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मुलूखगिरीकडे वळतो. पूर्वी आपले लोक दसऱ्याचं सोनं लुटून मुलूखगिरीला निघत आणि माळव्यातून चौथाई वसूल करत. दत्तोपंत दिवाळी आटोपली की निघत आणि जेवणं वसूल करत. देवासहून धारपर्यंत मोटारीने, सायकल मोटारीच्या टपावर. मग धारहून नालछा, नालछ्याहून मांडव आणि मांडवाच्या मागच्या अंगाने खाली निमाडात उतरून नर्मदेकाठच्या धरमपुरीला. धडधाकट माणूस एवढं अंतर दोन दिवसांत काटेल. दत्तोपंतांना आठवडा लागायचा. हँडलला फिरकीचा पितळी तांब्या, पाठीमागे कॅरिअरला एक जड पिशवी, वर आडवी छत्री, आणि कोटाच्या खिशात खडेमिठाची पुडी. पेरू किंवा काकडी कुठे भेटेल याचा नेम नसतो, आणि मिठाशिवाय पेरू खाणं म्हणजे त्यांच्या मते पेरूचा अपमान.

त्या वर्षी मला दिवाळीची सुट्टी होती आणि मी नुकतीच सायकल घेतली होती. "चला मास्तर," ते म्हणाले, "तुम्हांला मुलूख दाखवतो." मी चार दिवस इतिहास पाहायला मिळेल या आशेने निघालो. शाळेत तोच विषय शिकवायचो.

धारला सकाळी उतरलो. मला किल्ला पाहायचा होता, ती तुटून पडलेली लोखंडी लाट, म्हणजे जुना स्तंभ, पाहायची होती. दत्तोपंतांनी मला आधी एका पोहे-जलेबीच्या दुकानात नेलं, मग दुसऱ्या दुकानात, कारण पहिल्याचे पोहे चांगले होते आणि दुसऱ्याची जलेबी. लाटेपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. त्यांनी लाटेला एक प्रदक्षिणा घातली, हात लावून पाहिला आणि म्हणाले, "थोरली पाती." बस. धारचा इतिहास आटोपला.

नालछ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना जुन्या कबरी, पडके घुमट, कोरड्या विहिरी. प्रत्येक ठिकाणी थांबावं असं मला वाटत होतं. दत्तोपंत मात्र त्या दिवशी चक्क पायडल मारत होते. मी हाका मारल्या तेव्हा ते न थांबता ओरडले, "इतिहास थंड होत नाही, मास्तर. बाफले होतात!"

नालछ्याला त्यांच्या ओळखीचे एक शेतकरी होते, पूर्वी मिरचीच्या गाड्या घेऊन देवासला येणारे. त्यांच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाफले पडलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग निखाऱ्यात भाजायचा आणि शेवटी फोडून तुपात बुडवायचा. एक खाल्ला की पोट भरतं, दुसरा खाल्ला की झोप येते आणि तिसरा खाणारा मनुष्य त्या दिवशी पुढच्या गावाला पोचत नाही. आम्ही पोचलो नाही.

"जीमो दाजी, जीमो! घर को घी है!" म्हणून ते शेतकरी वाढतच होते. खरं सांगायचं तर ते बाफले एका बाजूने कोळशासारखे करपले होते आणि आतून कच्चे होते. मी कडेकडेने कुरतडत होतो. दत्तोपंतांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अमृत!"

हा त्यांचा ठरलेला शब्द. धारचे पोहे अमृत, नालछ्याचा करपका बाफला अमृत, वाटेत एका म्हातारीने दिलेलं आंबट ताक अमृत. शेवटी मी न राहवून विचारलं, "काका, तुमच्या जिभेचं झालंय तरी काय? घरी असताना तर..."

"परक्याच्या अन्नाला अमृतच म्हणायचं, भिया," ते म्हणाले. "नावं ठेवायची ती घरच्या अन्नाला."

हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. भिंत मातीची होती हे मी आधी सांगितलंच आहे. दत्तोपंतांची बायको लवकर गेली. घरात एकुलती एक मुलगी वत्सला, ती परकर नेसायच्या वयातच चुलीपुढे बसली. आणि रोज, न चुकता, ताट वाढलं की भिंतीपलीकडून दत्तोपंतांचा आवाज यायचा: "वच्छे, भाजीत मीठ कमी." "वच्छे, आज भात चिकट." "वच्छे, वरणाला हिंग लागला नाही." लगेच वच्छीचा आवाज यायचा: "उद्या उपाशी ठेवते, बाबा, मग सगळं बरोबर लागेल!" आमची आई म्हणायची, या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय आपलं जेवण पचत नाही. मग वच्छीचं लग्न झालं, ती धरमपुरीला गेली आणि भिंतीपलीकडे शांत झालं. दत्तोपंत आपल्यापुरती खिचडी करून घेत. त्या खिचडीला ते काहीच म्हणत नसत. अमृतही नाही आणि मीठ कमीही नाही.

आणि इथेच खरी गोम होती. आमच्याकडे जुन्या घरांतून एक रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळांनी ती रीत सोडली, काहींनी अर्धी सोडली. पण दत्तोपंत नाकेदार. त्यांनी नाक्यावरून कधी सुपारीसुद्धा बिनपावतीची सोडली नव्हती, ते एवढी मोठी रीत कसे सोडणार? वच्छीच्या लग्नाला सातेक वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. सारा मुलूख जेवत जेवत धरमपुरीला पोचणारा हा मनुष्य मुलीच्या दारात उपाशी बसायचा.

मांडवला आम्ही दोन दिवस राहिलो. सीताफळांचे दिवस होते. पडक्या महालांच्या सावलीत बसून दत्तोपंतांनी इतकी सीताफळं खाल्ली की त्यांच्या भोवती बियांची एक नवी तटबंदी उभी राहिली. एक भिल्लीण गोरखचिंचेची ती मोठाली केसाळ फळं घेऊन बसली होती. मांडवात त्या झाडांचे बुंधे हत्तीएवढे असतात. फळ फोडून आतला आंबट गर चाखून दत्तोपंत म्हणाले, "दिसायला थोरली पाती, चवीला धाकटी. असं फार क्वचित सापडतं."

संध्याकाळी मी त्यांना ओढत दक्षिणेच्या कड्यावर नेलं. खाली निमाड पसरलेलं होतं आणि फार लांबवर नर्मदा चमकत होती. मी इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते त्या चमकत्या रेघेकडे बोट करून म्हणाले, "वच्छी तिथे असते."

मी इतिहास आवरता घेतला. थोड्या वेळाने विचारलं, "काका, एवढं जाता, एक दिवस जेवून का येत नाही? कोण बघतंय?"

ते तिथेच एका दगडावर बसले. मग म्हणाले, "लोकांचं सोडा. बघा मास्तर, मी थांबलोय याचा अर्थ तिला मूल होणार आहे. मी उद्या तिच्या ताटावर बसलो तर त्याचा अर्थ काय? बापानेच आशा सोडली. पोरीच्या तोंडावर हे कसं सांगायचं?"

मला त्या क्षणी हा हेकट म्हातारा फार आवडला. दुसऱ्या क्षणी ते म्हणाले, "चला, पानिये खायचे आहेत," आणि उठले. पानांत गुंडाळून भाजलेल्या मक्याच्या त्या भाकरीही अमृतच निघाल्या. या खेपेला खरोखरच.

मांडवावरून निमाडात उतरायची वाट म्हणजे सगळा उतारच. म्हणजे आम्ही ती सगळी वाट सायकली हातात धरून चाललो. एरवी दत्तोपंत चालताना बोलत. झाडं, दगड, समोरून येणारी गाढवं, सगळ्यांची पात्यांत वाटणी होत असे. त्या दिवशी धरमपुरी जवळ येत गेली तसे ते गप्प होत गेले आणि त्यांची चाल मंदावत गेली. शेवटी तर त्यांना सपाटीलाही सायकलीवर बसायचं सुचेना.

धरमपुरीत शिरल्यावर ते मुलीच्या घरी न जाता आधी घाटावर गेले. फिरकीचा तांब्या नर्मदेत बुडवून भरून घेतला. "नदी कुणाच्या पातीत नसते, मास्तर," मला समजावून म्हणाले. "हे पाणी चालतं."

वच्छीचं घर घाटाच्या वरच होतं. दारासमोर एक निंब. दत्तोपंतांनी सायकल निंबाला टेकवली, कॅरिअरची जड पिशवी खाली ठेवली आणि आपण बुंध्याशी बसले. मग मला म्हणाले, "पाण्याचं एक निभावलं. ओट्याचं अजून ठरलेलं नाही. ओटा घराच्या हद्दीत धरायचा की रस्त्याच्या? म्हणून निंब बरा."

वच्छी धावत बाहेर आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. मी तिला सातेक वर्षांनी पाहत होतो. थोडी वाळली होती, पण डोळे तसेच भांडकुदळ. तिचे यजमान तहसील कचेरीत कारकून होते, फार भिडस्त गृहस्थ. दरवर्षी या वेळी त्यांची पंचाईत होत असे. आत जेवावं तर सासरे बाहेर, बाहेर जेवावं तर बायको आत. शेवटी ते अर्धी भाकरी आत खात आणि उरलेली हातात घेऊन निंबाखाली येत.

मला मात्र कसली आडकाठी नव्हती. मला आत पाटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, भात, हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिला घास घेतो न घेतो तोच बाहेरून खिडकीतून आवाज आला, "मास्तर, भाजी कसली आहे?"

"अंबाडीची."

"फोडणी लसणाची की नुसती?"

"लसणाची."

"लसूण लाल झालाय का पांढराच राहिलाय?"

मी ताटात लसूण शोधू लागलो. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, "वरण कसं झालंय?"

"अमृत!" मी मोठ्याने म्हणालो. मला वाटलं, म्हातारा खूश होईल.

दत्तोपंत चिडून ओरडले, "अमृत नको भिया, नीट सांगा! हिंग लागलाय का?"

वच्छीने डाव तसाच हातात धरला होता. ती हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. जरा वेळाने हलक्या आवाजात मला म्हणाली, "भाऊ, ते दरवर्षी येतात त्याचं मला किती बरं वाटतं म्हणून सांगू. पण ते निंबाखाली बसले की येणारा-जाणारा आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्या दाराकडे. त्यांनी पाणी नाकारलं की सगळ्या गल्लीला पुन्हा एकदा कळतं, हिला मूल नाही. हे त्यांना कसं सांगू? सांगितलं तर ते यायचेच बंद होतील."

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. आत मुलगी, बाहेर बाप, दोघंही एकमेकांना जपत होती आणि दोघंही उपाशी होती. जेवत होतो तो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छी म्हणाली, "बाबा, चला, बेटावरच्या महादेवाला जाऊन येऊ." नदीच्या मधे एक बेट आहे, त्यावर देऊळ. देवाला जायला दत्तोपंतांची ना नव्हती. तिचे यजमान कचेरीत गेले होते. आम्ही तिघं नावेत बसलो. वच्छीने बरोबर एक गाठोडं घेतलं होतं, मला वाटलं पूजेचं असेल.

नाव धारेच्या मधे आली तशी वच्छी नावाड्याला म्हणाली, "भिया, यहीं रोक दो." नावाड्याने दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडला. तिने त्याला आधीच सांगून ठेवलं असावं. नावेच्या टोकाशी त्याची स्वतःची मातीची चूल होती, ती पेटलेली होती.

"काय चाललंय, वच्छे?" दत्तोपंत म्हणाले.

"स्वयंपाक," वच्छीने पदर खोचला. "भाऊंनी सांगितलं मला. काल घाटावर तुम्हीच म्हणालात ना, नदी कुणाच्या पातीत नसते? मग इथे माझं घर कुठे आलं?"

दत्तोपंतांनी दोन्ही काठांकडे पाहिलं. एक काठ, दुसरा काठ. मग ते ताठ बसले. नाका उठल्याला इतकी वर्षं झाली होती, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर बसला होता तो नाकेदार.

"तांदूळ कुठले?"

"देवासचे. तुमच्या पिशवीतले."

"पिशवी मी तुला दिली. म्हणजे तुझी झाली."

"मी उंबऱ्याच्या आत घेतलीच नाही. रात्रभर निंबाखालीच होती. विचारा भाऊंना."

मी साक्ष दिली. खरंच होती.

"डाळ?"

"त्याच पिशवीतली. तूपही. हळदही."

"लाकडं, पातेलं, ताटं?"

"नावाड्याची."

"हमारे ही हैं दाजी," नावाडी हसत म्हणाला. त्याला ही चौकशी फार आवडली होती.

"मीठ?"

वच्छीचा चेहरा पडला. ती खोटं बोलू शकली असती, पण नाकेदाराची मुलगी. "मीठ... घरचं आहे, बाबा."

नाव धारेवर हलकी हलत होती. मला वाटलं, संपलं. एवढं सगळं चिमूटभर मिठापाशी अडलं. दत्तोपंत गंभीरपणे समोर पाहत राहिले. मग त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि त्यांनी पेरूच्या मिठाची ती पुडी काढून तिच्यापुढे धरली.

"हे वापर," ते म्हणाले.

वच्छी पुडी घेऊन तशीच उभी राहिली. "आणि रांधणारी मी आहे, बाबा. त्याचं काय?"

"हाताला जकात नसते," दत्तोपंत म्हणाले आणि नदीकडे पाहू लागले.

भात झाला. वरण झालं. काही म्हणजे काही थाट नव्हता. सात दिवस आम्ही साऱ्या मुलुखाची मेजवानी झोडली होती, त्यापुढे हे ताट अगदी गरीब. पांढरा भात, वर पिवळं वरण, वर तूप. दत्तोपंतांनी चित्राहुती घातली. कालवून पहिला घास घेतला. त्यांनी डोळे मिटले आणि आता तो शब्द येणार म्हणून मी आणि वच्छी श्वास रोखून बघत राहिलो.

त्यांनी डोळे उघडले. "वच्छे," ते म्हणाले, "वरणाला हिंग नाही."

वच्छी मटकन खाली बसली. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र तोच, भिंतीपलीकडचा. "कुठून असेल हिंग? पिशवीत तुम्ही हिंग आणला नाहीत आणि घरातला आणला असता तर तुम्ही अडवला असता! तुमच्याच नाक्यावर अडकलाय तो!"

"म्हणून काय बिनहिंगाचं वरण खायचं?"

"मग नका खाऊ! उपाशी राहा!"

नावाडी घाबरून माझ्याकडे बघू लागला. मी त्याला खुणेने सांगितलं, काही नाही, सगळं ठीक आहे. सातेक वर्षांनी आमच्या शेजारी जेवण चाललं होतं.

दत्तोपंतांनी ताट मांडीवर घेतलं. घाटावर बायका धुणं धूत होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. वर निंब दिसत होता, त्याच्यामागे वच्छीचं दार. त्यांचा चेहरा पडला आणि मला वाटतं, निंबाखाली उपाशी बसलेल्या बापाकडे बघून लोक त्या दाराबद्दल काय म्हणत असतील, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं. हळू आवाजात ते म्हणाले, "मूल व्हायचं तेव्हा होईल, पोरी. माझी आशा काही वरणात नाही." मग नावाड्याला मोठ्याने म्हणाले, "दगड उचल, भिया. नाव घाटाला घे."

"आता कशाला?" वच्छी डोळे पुसत म्हणाली.

"घरातून हिंग घेऊन ये."

"घरातला?"

"घरातलाच. दुसरा कुठला?"

नाव काठाला लागायच्या आधीच तिने उडी मारली. घाटाच्या पायऱ्या ती धावत चढत होती, धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून तिच्याकडे बघत होत्या आणि ती कुणाला तरी धापा टाकत सांगत होती, "बाबांना हिंग हवाय! बाबा जेवतायत!"

दत्तोपंत ताट मांडीवर धरून बसून राहिले. ज्या माणसाने बाफले थंड होतील म्हणून मला एक कबर पाहू दिली नव्हती, त्याने ते वरण थंड होऊ दिलं. तूप थिजून भातावर पांढरं झालं तरी त्यांनी हात लावला नाही.

वच्छी आली. मुठीतली पुडी सोडून तिने वरणावर हिंग भुरभुरला. दत्तोपंतांनी कालवलं, घास घेतला, सावकाश चावला.

"वरून घातलेला हिंग कच्चा लागतो," ते म्हणाले, आणि आणखी भातासाठी ताट पुढे केलं.